बापाचा पेला कोण मोजणार?

महोदय,

सुनेला दिवस राहण्याआधीच फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू. पुढे पपई नको, अननस नको. मुलाची गटारी मात्र बिनबोभाट! २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांनी ५५ अभ्यास एकत्र तपासले. गर्भधारणेआधीच्या तीन महिन्यांत वडील मद्य घेत असतील, तर बाळात जन्मजात हृदयदोषाचा धोका ४४ टक्के जास्त आढळला. आईच्या मद्यपानाशी जोडलेला धोका १६ टक्के. (हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, हेही खरे.) शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने लागतात. संशोधकांचा सल्ला असा, की पुरुषांनी सहा महिने आणि स्त्रियांनी वर्षभर आधी दारू थांबवावी. आमच्या चाळीत कुणा डॉक्टरने होणाऱ्या बापाला हे विचारल्याचे ऐकिवात नाही.

– एक आजी, गिरगाव, मुंबई