कोणता कॅमेरा घ्यावा?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पाहिली. हॅसलब्लाड ५००सी/एम, मामिया आरबी६७, पेंटॅक्स ६७ आणि मामिया ७. चारही मोठ्या निगेटिव्हचे (मीडियम फॉरमॅट) फिल्म कॅमेरे नावाजलेले आहेत, त्यामुळे ‘सगळ्यांत चांगला कोणता’ असं विचारून काही ठरणार नाही. तू फोटो कसे काढतेस ते आधी बघ. तुझे अलीकडचे फोटो मी पुन्हा नीट पाहिले. जवळपास सगळे माणसांचेच आहेत. हातातल्या कामात बुडालेली माणसं, खिडकीतून येणारा उजेड, जेमतेम हातभर अंतर, आणि ट्रायपॉड कुठेच नाही. मी पुढे जे सांगणार आहे ते यावरूनच.

निगेटिव्हच्या आकारावर फार डोकं शिणवू नकोस. नेहमीच्या ३५ एमएम फिल्मच्या तुलनेत ६×६ सेंमीच्या निगेटिव्हचं (हॅसलब्लाड) क्षेत्रफळ साडेतीनपटीहून थोडं जास्त आणि ६×७ चं (बाकीचे तिघे) साडेचारपट. दोन्हींतून मोठे प्रिंट सुरेख निघतात. या कॅमेऱ्यांच्या रुंद फिल्मच्या, म्हणजे १२० च्या, रोलवर ६×६ चे बारा फोटो बसतात, ६×७ चे दहा. ६×६ च्या चौरस फ्रेमचा मला आवडणारा फायदा असा, की कॅमेरा आडवा-उभा करावा लागत नाही. वरून बघायच्या फाइंडरमध्ये चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, आणि तो कॅमेरा आडवा धरून काम करणं फार अवघड जातं.

आरबी६७ ला ही अडचण नाही, त्याची फिल्म बॅकच, म्हणजे रोल बसवलेला मागचा डबाच, फिरते. लेन्स पुढे-मागे सरकवणाऱ्या घडीच्या भात्यामुळे तो विषयाच्या अगदी जवळही जातो. पण लेन्स आणि बॅक धरून त्याचं वजन अडीच किलोच्या वर भरतं. स्टुडिओत ट्रायपॉडवर त्याच्यासारखा सोबती नाही. तू मात्र तो दोन दिवसांत घरी ठेवशील.

पेंटॅक्सची १०५ एमएम एफ/२.४ लेन्स मोहात पाडते, मला माहीत आहे. पण त्याचा आरसा आणि पडद्याचं शटर दोन्ही मोठी आहेत आणि धक्का जाणवतो. तुझ्या उजेडात १/३० किंवा १/६० सेकंदाच्या शटर वेगावर काम करावं लागणार, आणि तिथे हातात धरलेल्या पेंटॅक्सवर मी विसंबणार नाही. फ्लॅशही १/३० पर्यंतच जुळतो.

निसर्गचित्रं किंवा प्रवास असता तर मी डोळे मिटून मामिया ७ म्हणाले असते. हलका, शांत, लेन्स अप्रतिम. पण ८० एमएम लेन्स एक मीटरच्या आत फोकस होत नाही, आणि तू नेमकी तिथेच असतेस.

राहिला हॅसलब्लाड. शटर लेन्समध्येच, त्यामुळे १/५०० पर्यंत कुठेही फ्लॅश चालतो. रोल अर्धा असताना बॅक बदलता येते. घेतलास तर मला आनंदच होईल. पण त्याचा आरसा क्लिक करताना वर जातो आणि पुढची फ्रेम ओढेपर्यंत फाइंडरमध्ये अंधार राहतो.

म्हणून तुझ्या यादीत नसलेलं एक नाव सुचवते: मामिया सी३३०. ट्विन लेन्स, म्हणजे वरच्या लेन्समधून बघायचं आणि खालचीतून फोटो निघतो, पण लेन्सच्या जोड्या बदलता येतात. पूर्ण यांत्रिक, बॅटरी लागत नाही. हलणारा आरसा नाही, म्हणून कमी वेगावर हात स्थिर राहतो. आणि ज्या क्षणी फोटो निघतो, तो क्षण तुला दिसत असतो. समोरच्याची पापणी लवली की तुला तिथेच कळतं. माणसांचे फोटो काढणाऱ्याला याहून मोठी सोय मला ठाऊक नाही. शिवाय कॅमेरा पोटाशी असतो, त्यामुळे तुझा चेहरा झाकला जात नाही आणि माणसं बोलत राहतात.

कमतरताही ऐक. बॅक बदलता येत नाही. जवळून काढताना वरची लेन्स आणि खालची लेन्स वेगळं बघतात, आणि भाता पुढे ओढला की उजेड कमी पोचतो. फाइंडरमधली हलती पट्टी दोन्हींचा अंदाज देते, तिच्याकडे लक्ष ठेव.

हे सगळे कॅमेरे आता जुनेच मिळणार. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघ. एक सेकंद, अर्धा सेकंद हे वेग ऐक, कारण वंगण सुकलं की आधी तेच अडखळतात. भाता पूर्ण ओढून कोपऱ्यांत छिद्रं आहेत का तपास. नाव कितीही मोठं असलं तरी एक रोल काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

तो रोल धुऊन झाला की सगळ्या पट्ट्या मला पाठव. बिघडलेल्या फ्रेमही.

तुझी,
आई