भार कापडावर नको, पट्ट्यावर घे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सायकलवरून सामान पोहोचवण्यासाठी तू स्वतः पिशवी बनवतो आहेस, याचा मला फार आनंद झाला. तू पाठवलेलं चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. खिसे छान आखले आहेस. पण भरलेल्या पिशवीचं वजन नेमकं कशावर पेलायचं, ते मात्र चित्रात कुठे दिसत नाही.

उचलायचे बंद तू वरच्या काठाला शिवले आहेस. पिशवी उचलली की सगळा ताण त्या बोटभर शिवणीवर येणार. तिथे आधीच सुईची भोकं पडलेली असतात. कापड कितीही जाड असलं, तरी फाटताना ते त्याच रेषेत फाटतं. म्हणून 50 मिलिमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टा घे. तो एका बाजूने खाली उतरव, बुडाखालून फिरवून दुसऱ्या बाजूने वर आण. असे दोन पट्टे घातलेस की वजन झोळीत ठेवल्यासारखं त्यांच्यावर बसतं आणि कापडाकडे फक्त सामान आवरून धरायचं काम उरतं. पट्टा जोडताना चौकोनी टीप मार आणि आत फुली घाल, म्हणजे ताण चारही बाजूंना वाटला जातो. सुती दोरा वापरू नकोस, ओलाव्याने तो कुजतो. जाड पॉलिएस्टरचा दोरा आण आणि मशीनला 18 नंबरची सुई लाव. चार-पाच पदर एकत्र येतील तिथे पायडल सोडून चाक हाताने फिरव.

कापड 1000 डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन घ्यायचं म्हणतोस, ते योग्य आहे. घासलं तरी लवकर विरत नाही. फक्त ओलं झालं की नायलॉन थोडं सैलावतं, आणि सतत उन्हात राहिलं तर पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमजोर होतं. तेव्हा पिशवी दिवसभर उन्हात राहणार असेल, तर पॉलिएस्टरचाही विचार कर.

पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. आतून लेप दिलेल्या कापडातून पाणी सहसा झिरपत नाही, ते शिरतं शिवणीतून. मी असते तर ताडपत्रीचं वेगळं अस्तर केलं असतं. त्याचे सांधे शिवायचे नाहीत, गरम हवेने चिकटवायचे. पिशवीला ते फक्त वरच्या काठाशी जोडायचं, बाकी सगळीकडे मोकळं सोडायचं. मग बाहेरची शिवण भिजली तरी सामान कोरडं राहतं. तोंडाला चेन नको, तिच्या दातांत चिखल अडकतो. काठ उंच ठेव, तीनदा गुंडाळ आणि बक्कल लाव.

मापं सामानावरून घे. नेहमीचा खोका 40 बाय 30 सेंटीमीटरचा असेल तर आत चारही बाजूंना दीड-दोन सेंटीमीटर जागा सोड, नाहीतर खोका काढताना हात अडकतो. आधी पुठ्ठ्याची पिशवी करून सायकलला बांध. मागच्या कॅरिअरच्या बाजूंना लटकणार असेल तर पेडल मारताना टाच लागते का, ते बघ. लागत असेल तर पिशवी मागे सरकव किंवा पुढचा खालचा कोपरा तिरका काप. पुढे ठेवणार असशील तर कॅरिअर सांगाड्याला बसवलेलं घे. हँडलवर टांगलेलं वजन हँडलबरोबर वळतं आणि हळू चालवताना सायकल एका बाजूला ओढते. सांगाड्यावरचं वजन वळत नाही. मात्र हँडल वळलं तरी पिशवी सरळच राहते, त्याची नजरेला सवय व्हावी लागते. जड वस्तू नेहमी तळाशी ठेव. पाठीवर तर घेऊच नकोस. भार उंच गेला की तोल सांभाळणं कठीण होतं, आणि तुझ्या कमरेची मला काळजी आहे.

एक गोष्ट माझ्यासाठी कर. पट्ट्याचं एकही टोक लोंबतं ठेवू नकोस. ते चाकाच्या तारांत गुंतलं तर चाक जागीच अडकतं, आणि पुढच्या चाकात गेलं तर तू हँडलवरून थेट पुढे फेकला जाशील. प्रत्येक बक्कलापाशी इलास्टिकचा छोटा पट्टा शिव आणि उरलेलं टोक दुमडून त्यात खोच. मागचा दिवा पिशवीआड जात असेल तर दिव्याची जागा बदल. पिशवीच्या मागच्या अंगाला प्रकाश परतवणारी पट्टीही शिव.

पुठ्ठ्याची पिशवी बांधून झाली की बाजूने एक फोटो काढून पाठव, पेडल सर्वांत मागे आणि पाय त्यावर चालवताना ठेवतोस तसाच ठेवून. तो पाहिल्यावर आपण बोलू. तोवर कापडाला कात्री लावू नकोस.

तुझी,
आई