बायोडेटात लिहावे ते ज्यावर बोलता येईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सॉफ्टवेअर डेव्हलपरची नोकरी शोधणाऱ्या तरुणांनी बायोडेटात कोणती कौशल्ये लिहावीत, याविषयी बरीच वर्षे मुलाखती घेताना जे दिसले ते आपल्या वाचकांपुढे मांडत आहे.

एका उमेदवाराच्या बायोडेटात 32 कौशल्ये स्वल्पविराम देऊन एकापुढे एक लिहिलेली होती. त्यातल्या एसक्यूएलवर (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) बोट ठेवून मी विचारले, की एखादी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, फार वेळ घेत असेल तर आधी काय पाहाल? डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो हे एक्सप्लेन या आज्ञेने बघेन, ज्या कॉलमवर शोध घेतला जातो त्यावर इंडेक्स, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची, आहे का ते तपासेन, एवढे उत्तर पुरले असते. पण तो गप्प राहिला आणि उरलेल्या 31 शब्दांविषयीही माझ्या मनात शंका आली. उठता उठता त्याने सहज सांगितले, की आधीच्या नोकरीत रोज रात्री मध्येच बंद पडणारे एक काम त्याने लॉग (प्रणालीने ठेवलेल्या नोंदी) वाचून, पायथन भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून सुरळीत केले होते. त्यावर आम्ही पुढे अर्धा तास बोललो. बायोडेटात मात्र त्याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की ज्या कौशल्याबाबत ‘यात मी हे केले, इथे अडलो आणि असा मार्ग काढला’ असे सांगता येईल, तेच लिहावे आणि शक्यतो त्या कामाच्या वर्णनातच गुंफावे. बायोडेटा आधी संगणक चाळतो, त्यामुळे जाहिरातीतले शब्द त्यात असावेच लागतात, या म्हणण्यात तथ्य आहे. स्प्रिंग बूटवर (जावा भाषेत प्रणाली बांधण्याचे साधन) खरोखर काम केले असेल, तर जाहिरातीत जसे आहे तसेच ते नाव लिहावे. न केलेल्या कामाचे नाव घातल्यास चाळणी पार होईलही, पण पुढे माणूसच प्रश्न विचारणार असतो.

आवृत्तीही नमूद करावी. अँग्युलरजेएस आणि 2016 साली आलेले अँग्युलर 2 या वेब अ‍ॅप्लिकेशन बांधण्याच्या साधनांची रचनाच वेगळी आहे, त्यामुळे नुसते ‘अँग्युलर’ लिहून नेमके काय येते ते कळत नाही. पायथन 2 चा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. तरीही जुनी प्रणाली पायथन 3 वर नेण्याचे काम कोणी केले असेल, तर ते अभिमानाने लिहावे, कारण असे काम चिकाटीचे असते आणि ते करणारे सहजी मिळत नाहीत. ‘जावा 80 टक्के’ अशा पट्ट्या मात्र काढून टाकाव्यात. हे टक्के कशाचे, ते कोणालाच सांगता येत नाही. जे अजून शिकत आहोत ते ‘सध्या शिकत आहे’ असे वेगळे लिहिण्यात कमीपणा नाही.

या फुगलेल्या याद्यांना नोकरी देणारेही तितकेच जबाबदार आहेत. तीन-चार गोष्टींची गरज असताना जाहिरातीत पंधरा तंत्रज्ञाने मागितली, की प्रामाणिक उमेदवार अर्जच करत नाही आणि बाकीचे पंधराही नावे उतरवून काढतात. जाहिरात लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून काय यायलाच हवे आणि काय कामावर शिकता येईल, हे दोन वेगळ्या ओळींत स्पष्ट लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक