सूचना : ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयी लिहिताना

सदस्यहो,

चर्चेत ट्रान्सजेंडर कलाकार, खेळाडू किंवा नेत्यांचा विषय निघाला, की त्यांनी स्वतः सांगितलेलं नाव आणि लिंगच वापरावं. मराठीत नुसतं ‘तो-ती’ बदलून भागत नाही, क्रियापदही बदलावं लागतं. म्हणून पाठवण्याआधी वाक्य शेवटपर्यंत वाचा.

अभिनेते एलियट पेज यांनी डिसेंबर २०२० मध्ये आपण ट्रान्स असल्याचं जाहीर केलं. म्हणून ‘पेज म्हणाले’, ‘म्हणाल्या’ नव्हे. त्याआधीच्या चित्रपटांबद्दल लिहितानाही हेच. जुनं नाव उकरून काढायची गरज नसते.

टीकेला बंदी नाही. माजी ऑलिंपिक खेळाडू आणि ट्रान्स स्त्री केटलिन जेनर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्यांचं राजकारण पटत नसेल तर जरूर झोडपा, पण ‘त्या’ म्हणूनच. रागापोटी मुद्दाम ‘तो’ लिहिणं ही टीका नव्हे, निव्वळ हिणवणं आहे. असा संदेश काढून टाकला जाईल.

नकळत चुकलात तर दुरुस्त करा आणि पुढे चला, लांबलचक माफीनामे नकोत (ते वाचायचाही कंटाळा येतो). खात्री नसेल तर नाव लिहून ‘यांनी’ जोडा. बरंचसं निभावतं.

– गटाचे व्यवस्थापक