स्कूबाला जाताय? टँकचा पट्टा आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की कोल्हापुरातनं मालवणला जाणाऱ्या गाड्या वाढतात. कोण गगनबावड्यातनं करूळ घाट उतरतंय, कोण राधानगरीवरनं फोंडा घाटानं जातंय, आणि आता त्या ट्रिपमधे किल्ला आणि मासे यांच्या जोडीला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा टँक बांधून पाण्याखाली जाणं, ठरलेलंच असतं. आपल्या पेपरात पण दर सीझनला याची माहिती येते, राहायचं कुठं, जेवायचं कुठं, पाण्याखाली फोटो कसे काढतात, सगळं येतं. पण पाठीवर जो टँक बांधतात तो नीट बांधलाय का हे आपण कसं बघायचं, यावर कुठं एक ओळ दिसत नाही. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून हे पत्र लिहितोय.

मी रीतसर कोर्स करून डायव्हिंग करतो आणि गल्लीतली पोरं घेऊन तिकडं जाणं होत असतं. गेल्या सीझनला एका बोटीवर आमच्यातल्या एकाला टँक बांधलेलं जॅकेट चढवायला काढलं, मागनं बघतोय तर टँकचा पट्टा कोरडा ठणठणीत आणि बकलचा खटका एका बोटानं वर येत होता. मी सांगितलं तर उत्तर काय, "काय होत नाही दादा, रोजचंच आहे." मग मी टँक दोन्ही पायात धरला, जॅकेटची वरची मूठ पकडून उचललं, तर जॅकेट वर आलं आणि टँक चार बोटं खाली सरकला, सगळ्यांच्या समोर. तो पट्टा परत ओला करून आवळून घेतला तेव्हाच पोराला पाण्यात उतरू दिलं. तिथलं नाव घालत नाही, कारण हे एकाच ठिकाणचं नाही, गर्दीच्या दिवसात घाईघाईत कुठंही होऊ शकतं.

आता हे एवढं का लावून धरायचं ते सांगतो. तो टँक बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो, पाण्याच्या मापानं ११ लिटरचा, त्यात साधारण २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास २०० पट दाबानं हवा भरलेली, आणि भरलेला टँक १६-१७ किलोच्या आसपास जातो. तो हवेच्या जॅकेटला, म्हणजे बीसीडीला, एका नायलॉनच्या पट्ट्यानं धरलेला असतो, काही जॅकेटला दोन पट्टे असतात. आपल्याकडं सुती कासरा भिजला की गाठ आवळते, सुटता सुटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. नायलॉनच्या पट्ट्याचं बरोबर उलटं, भिजला की तो ताणतो आणि सैल पडतो. म्हणजे बोटीवर कोरडा असताना जो पट्टा घट्ट वाटतो तोच पाण्यात गेल्यावर ढिला होतो, त्यात टँक ओला होऊन गुळगुळीत झालेला. म्हणून पट्टा आधी भिजवायचा आणि मग आवळायचा, जगभर हेच शिकवतात.

पट्टा सुटला म्हणून टँक लगेच तळाला जाऊन बसतो असं नाही, तो जॅकेटमधनं खाली घसरतो किंवा एका बाजूला कलंडतो. टँकमधली हवा नळीनं तोंडापर्यंत आणणारा जो रेग्युलेटर, त्याचा वरचा भाग टँकलाच बसवलेला असल्यामुळं टँक घसरला की नळी ओढली जाते आणि तोंडातला रेग्युलेटर खेचला जातो. शिकलेला माणूस एका हातानं रेग्युलेटर तोंडात दाबून धरतो, श्वास चालू ठेवतो आणि जोडीदाराला खूण करतो, मागचा माणूस बकल उघडून टँक वर घेतो, परत आवळतो, विषय संपला. पण आयुष्यात पहिल्यांदा खाली गेलेला माणूस काय करणार? तो घाबरून दम धरणार आणि वर सुटणार.

आणि इथंच आमच्या कोल्हापूरच्या पोरांची मला जास्त काळजी वाटते. पंचगंगेत पोहायला शिकलेली पोरं, एका दमात किती लांब जातो यावर पैजा लावणारी, त्यांना दम धरायची सवयच असते. नदीत ते चालतं कारण वरनंच हवा भरून खाली गेलेलो असतो. स्कूबामधे आपण खालच्या दाबाची हवा घेत असतो, १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, आणि तिथनं दम धरून वर आलं की छातीतली तीच हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते, जिवावर बेतू शकतं. पाच-सहा मीटरवरनं पण धोका आहेच, कमी खोल आहे म्हणून सुटका नाही. त्यामुळं चांगलं पोहता येतं म्हणून आपल्याला काही होत नाही हे डोक्यातनं काढा, खाली श्वास कधीच थांबवायचा नाही हा पहिला नियम.

बघायचं काय, तर पट्टा ओला आहे का ते हात लावून बघा, कोरडा असला तर सरळ सांगा की भिजवून परत आवळा. पट्टा टँकच्या सरळ भागावर बसला पाहिजे, वर जिथं टँक गोल व्हायला लागतो तिथं नाही. बकलच्या खाचा असतात त्यात पट्टा सगळीकडनं ओवलाय का ते बघा, घाईत शेवटची खाच राहून जाते आणि मग खटका कितीही दाबला तरी पट्टा हळूहळू निसटतो. खटका बंद करताना जोर लागला पाहिजे, सहज बसला तर समजा सैल आहे. बऱ्याच जॅकेटला वर एक छोटा बारीक पट्टा असतो, तो टँकच्या मानेत अडकवतात, त्यानं उंची पण बरोबर येते आणि मोठा पट्टा सुटलाच तर टँक तिथं अडकतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. उंची अशी पाहिजे की मान मागं केली तर डोकं व्हॉल्व्हला, म्हणजे टँकच्या वरच्या तोटीला, लागू नये आणि टँक इतका खाली पण नको की कमरेखाली लोंबतोय. व्हॉल्व्हचं हवेचं तोंड आपल्या पाठीकडं असतं. हे सगळं झालं की मूठ धरून जॅकेट उचलायचं आणि दोन-चार हिसके द्यायचे, टँक जरासुद्धा सरकला नाही पाहिजे. ज्यांचे पट्टे दिवसभर पाण्यातच असतात त्यांनी पण प्रत्येक नवीन टँकला हे परत केलं पाहिजे, कारण प्रत्येक टँकची जाडी अगदी सारखी नसते.

इन्स्ट्रक्टरला विचारलं तर तो रागावंल असं वाटून लोक गप्प बसतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, मालवणात पण चांगले शिकलेले कितीतरी जण आहेत, ते विचारल्यावर उलट खूश होऊन दाखवतात. जो दाखवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडं उतरू नका, पैसे गेले तर जाऊ देत. वॉटर स्पोर्टला परवानगी देणाऱ्या सागरी मंडळानं पण गिऱ्हाइकासमोर जॅकेट उचलून दाखवायची सक्ती करावी, अर्धं मिनिट लागतं त्याला, एक रुपया खर्च नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या पर्यटन पुरवणीत हॉटेलांच्या यादीशेजारी या पट्ट्याची माहिती फोटोसकट छापावी. बकल कसं ओवतात त्याचे जवळनं काढलेले फोटो आमच्या ग्रुपकडं आहेत, सांगाल तेव्हा ऑफिसात आणून देतो.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर