सोप्यातला झोपाळा गोल का फिरतो?

पुणे,
ऑगस्ट महिना, रविवार

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून महिना झाला, डाव्याची पाळी दिवाळीनंतर येणार, आणि तोपर्यंत सोप्यातल्या झोपाळ्यावर तुझ्यासमोर डावीकडून उजवीकडे झुलणारा नातू सरळ न झुलता लांबट गोल फिरतो आहे असे तुला दिसते, हे वाचल्यावर मला दुसरे काही सुचेना. डॉक्टरांनी ‘होईल सवय’ म्हणून विषय संपवला, याचे वाईट वाटले. तुला जे दिसते तो मनाचा खेळ नाही. त्याला नाव आहे आणि कारणही आहे. ते नीट सांगायचे तर आधी आपल्याला हालचाल दिसते कशी, तिथून सुरुवात करावी लागेल. पत्र लांबेल, पण तू रिकामाच आहेस.

गेल्या आठवड्यात खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडले आणि भिडे पूल पाण्याखाली गेला. नातीला पूर दाखवायला मी झेड ब्रिजवर घेऊन गेलो. कठड्याशी उभे राहून आम्ही आमच्याकडे येणाऱ्या गढूळ पाण्याकडे पाहत होतो, तर मिनिटभरात ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, “आजोबा, पूल चाललाय!” पूल खरोखरच प्रवाहाच्या उलट दिशेने, धरणाच्या बाजूला निघाल्यासारखा वाटत होता. थोड्या वेळाने मी तिला नजर पाण्यावरून काढून काठच्या दगडी भिंतीकडे पाहायला सांगितले. ती भिंतही तशीच उलट्या दिशेने सरकू लागली आणि दहा-पंधरा सेकंदांनी थांबली.

दोन्ही वेळा सरकण्याची दिशा एकच असल्यामुळे लोक हे एकच समजतात, पण यांची कारणे अगदी निराळी आहेत. पूल चालतो तो पाणी दिसत असेपर्यंतच. नजरेचा मोठा भाग ज्याने व्यापला आहे ते स्थिर असणार, असे मेंदू धरून चालतो आणि हालचाल लहान वस्तूच्या किंवा आपल्या स्वतःच्या पदरात घालतो. पावसाळी रात्री ढगांतून चंद्र पळताना दिसतो तो याच हिशेबाने. नावेत बसलेल्याला थडीवरची झाडे वेगाने जाताना दिसतात, हा ज्ञानेश्वरांचा दृष्टांत तुला पाठ असेल. त्यांच्याही किती आधी, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभटाने नावेतल्या माणसाचेच उदाहरण घेऊन सांगितले होते की तारे पश्चिमेकडे जाताना दिसले तरी ते स्थिर आहेत. इतक्या जुन्या काळी आपल्याकडच्या माणसाने डोळ्याच्या या सवयीवरून आकाशाचा उलगडा केला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

भिंतीची गोष्ट वेगळी आहे, कारण ती पाणी नजरेआड झाल्यावर घडते. १८३४ साली रॉबर्ट अॅडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग शेजारच्या खडकाकडे नजर वळवली, तेव्हा तो खडक त्यांना वर चढताना दिसला. त्याचे शरीरातले कारण कळायला पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. ठरावीक दिशेच्या हालचालीलाच प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी असतात. १९६३ साली बार्लो आणि हिल यांनी सशाच्या दृष्टिपटलातल्या अशा पेशींचे मोजमाप केले, तेव्हा त्यांना आढळले की एकाच दिशेची हालचाल सतत दाखवली की त्या दिशेची पेशी थकत जाते आणि हालचाल थांबल्यावर तिचा प्रतिसाद नेहमीच्या विश्रांतीच्या पातळीच्याही खाली जातो. स्थिर वस्तूकडे पाहताना परस्परविरुद्ध दिशांच्या पेशींची पारडी समतोल असतात. एक पारडे थकून हलके झाले की दुसरे जड ठरते, आणि जागच्या जागी उभी असलेली भिंत चालू लागते.

आता या भिंतीकडे जरा जवळून पाहा. तिच्यात एक आडवी भेग होती आणि भेगेत पिंपळाचे रोप उगवले होते. भिंत सरकत असताना मी त्या रोपावर नजर ठेवली. ते सरकत होते, आणि तरीही जिथे होते तिथेच होते. हे वाक्य तर्काला पटत नाही, पण डोळ्यांना दिसते ते असेच. वस्तू आधी इथे होती आणि नंतर तिथे गेली, अशी वजाबाकी करून मेंदू हालचाल काढतो, असे आपण समजतो. पण जागेचा हिशेब आणि हालचालीचा हिशेब हे मुळात वेगवेगळ्या ठिकाणी होतात आणि कधी कधी त्यांचा मेळ बसत नाही. मला तुला मुख्यतः सांगायचे आहे ते हेच.

याची उलट बाजू मन हेलावणारी आहे. १९८३ साली झील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या एका ४३ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन दोन्ही बाजूंच्या मागच्या भागाला इजा झाली होती. तिला रंग दिसत, वस्तू ओळखता येत, फक्त हालचाल दिसत नसे. चहा ओतताना धार तिला बर्फासारखी गोठलेली दिसे, कपातली पातळी चढताना दिसत नसे, आणि त्यामुळे ओतणे कधी थांबवायचे ते तिला कळत नसे. रस्ता ओलांडताना दूर दिसलेली मोटार एकदम अंगाशी आलेली असे, म्हणून आवाजावरून अंतर ओळखायला ती शिकली. आपण रोज सकाळी कपात चहा ओततो, तेव्हा केवढे काम आपल्या नकळत होत असते!

शाळेत शिकलेली एक गोष्टही इथे दुरुस्त केली पाहिजे. तुमच्या कोल्हापुरात १९२९ साली निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यात आली, आणि त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथून जाताना मला आपल्या लहानपणचे फिल्मचे तुकडे आठवतात. ते आपण उन्हासमोर धरत असू आणि प्रत्येक चौकटीत नट निश्चल उभा असे. ही चित्रे चालतात ती दृष्टिसातत्यामुळे, असे आपल्याला शिकवले आणि पुढे मीही वर्गात वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. ते पुरेसे नाही, याची मला आता खंत वाटते. आधीचे चित्र डोळ्यात नुसते टिकून राहिले असते, तर पुढचे चित्र त्यावर चढून सगळा चिखल झाला असता. सेकंदाला २४ चौकटी, आणि प्रोजेक्टरच्या झडपेमुळे प्रत्येक चौकट किमान दोनदा पडद्यावर, यामुळे प्रकाशाची लुकलुक जाणवत नाही. दृष्टिसातत्याचे काम तिथवरच. मॅक्स वेर्टहायमर यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकामागून एक फक्त दोन रेघा दाखवल्या. मधले अंतर सुमारे ६० सहस्रांश सेकंद असले की लोकांना एकच रेघ इकडून तिकडे जाताना दिसे. मधल्या जागेत काहीच नव्हते, हालचाल मेंदूने पुरवली होती.

आता तुझा झोपाळा. अंधुक प्रतिमेचा संदेश मेंदूकडे लख्ख प्रतिमेपेक्षा किंचित उशिरा पोहोचतो. तुझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदूमुळे प्रकाश कमी जातो, म्हणून त्याची बातमी काही सहस्रांश सेकंद शिळी असते. उजवा डोळा नातू आत्ता कुठे आहे ते सांगतो, डावा तो क्षणापूर्वी कुठे होता ते सांगतो. दोन डोळ्यांच्या बातमीतला असा फरक मेंदू नेहमी खोलीचा मानतो, त्यामुळे जाताना नातू जवळ आणि येताना लांब, किंवा याच्या उलट दिसतो आणि झोका गोल होतो. याला पुलफ्रिख परिणाम म्हणतात. कार्ल पुलफ्रिख यांनी १९२२ साली त्याचे विवेचन केले, पण त्यांची एका डोळ्याची दृष्टी गेलेली असल्यामुळे त्यांना स्वतःला तो कधीच पाहता आला नाही.

तू एवढे कर. गवंड्याचा ओळंबा दारावर टांग, आठ-दहा फुटांवर खुर्ची टाकून बस आणि कोणाला तरी तो आडवा झुलवायला सांग. दोन्ही डोळे उघडे ठेव. मग जुन्या गॉगलची एक काच फक्त उजव्या डोळ्यासमोर धर. गोल चपटा होत सरळ रेषेवर आला, तर माझे निदान बरोबर समज. काच फारच गडद असेल तर फेरी उलटी फिरू लागेल, मग जरा फिकी काच घे. जे दिसेल ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखव आणि दुसरी शस्त्रक्रिया दिवाळीआधी होईल का, ते स्पष्ट विचार. तोपर्यंत स्कूटर अजिबात काढू नकोस, कारण एका बाजूने येणारी गाडी तुला आहे त्यापेक्षा लांब दिसत असणार. रंकाळ्यावर जाताना नातवाला बरोबर ने, आणि रस्ता त्याच्याच सांगण्याने ओलांड.

ओळंब्याचे काय झाले ते लगेच कळव. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
माधव