दंडारीची 22 मिनिटं : पालकमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय पालकमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मागच्या जानेवारीत आपण आमच्या तालुक्याला महोत्सवाच्या उद्घाटनाला आला होता. आठवत नसेल, त्या दिवशी आपले आणखी तीन कार्यक्रम होते. मी त्या महोत्सवाचा प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. म्हणजे गळ्यात कार्ड, खिशात दोन मोबाईल, आणि मंडपापासून फिरत्या संडासापर्यंत कुठंही काही अडलं की शिव्या खायला हजर. ठेका बाहेरच्या एजन्सीचा, गावात दिलेला शब्द मात्र माझा.

काल दंडारीचं, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) लोकनाट्याचं, बिल परत आलं. वर शेरा : ‘सादरीकरण ठरलेल्या कालावधीइतके झाले नाही, सबब प्रमाणात कपात.’

तो कालावधी कुठं गेला, ते मी सांगतो. आपली वेळ संध्याकाळी 6 ची. आपण आलात 8 वाजून 50 मिनिटांनी. दंडारीचे 14 गडी साडेपाचपासून रंग लावून स्टेजमागे बसले होते. त्यातले बाईचं सोंग घेणारे म्हातारबा लुगडं नेसून, थंडी वाजते म्हणून जनरेटरच्या उबेला उभे. दाढीचे पांढरे खुंट पावडरीतून वर यायला लागले होते. मला म्हणाले, “साहेब येतेत का गा भाऊ, का मी तोवर धान चुरून येऊ?” जनरेटर तासाला 10 लिटर डिझेल पीत होता, तेही आपल्याच स्वागतासाठी.

मग दीपप्रज्वलन, 31 शाली, 31 नारळ आणि आपलं भाषण. “झाडीपट्टीच्या कलावंताचा एक रुपयाही थकू देणार नाही,” हे आपलंच वाक्य. पहिली टाळी माझी होती, लाज वाटते. 9.38 ला ढोलकी वाजली आणि बरोबर 10 ला हवालदार आला. रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, नियम 2000 सालचा आहे, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं! (वडसा गावच्या नाटक कंपन्यांचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, तिथं मी हवालदार पहिल्या रांगेत पाहिले आहेत. असो.)

ठरलेली 90 मिनिटं, झाली 22. मानधन 42 हजार. तुमच्या प्रमाणानं हाती येतात 10,267 रुपये. गाडीभाड्याचे 6 हजार वजा करा, 14 जणांत वाटा. माणशी 305. रोजगार हमीचा राज्यातला 2025-26 चा दर 312 होता. माती खोदली असती तर सात रुपये जास्त मिळाले असते, आणि लुगडं नेसावं लागलं नसतं. उशीर आपला, कपात त्यांची!

मंडपवाल्याची तऱ्हा वेगळी. त्यानं बिल दिलं, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला त्यावरचा 18 टक्के जीएसटी पदरचा भरला. न भरून सांगतो कोणाला? सरकारचा कर उशिरा गेला तर व्याज, सरकारकडचं येणं उशिरा आलं तर “फाईल वर आहे”. लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा 2006 चा कायदा आहे म्हणे. तो वैनगंगेच्या अलीकडे लागू होतो की नाही, एवढं कळवा. माझी मोटारसायकल तीन महिन्यांपासून त्याच्या दारात उभी आहे. मीच नेऊन ठेवली, त्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

आणि हे आजचं नाही, साहेब. विदर्भाला न्याय्य वाटा कबूल करणाऱ्या 1953 च्या नागपूर करारापासून आम्हाला ‘देऊ’ हाच शब्द मिळत आला. 2023 ला झाडीपट्टीच्या नटाला पद्मश्री मिळाली, तेव्हा फ्लेक्स कोणाकोणाचे लागले ते सगळ्यांनी पाहिलं. वडशात मात्र विसार हातात पडल्याशिवाय कंपनी तारीख देत नाही. तिथले व्यवस्थापक शहाणे. मी सरकारच्या शब्दावर 14 माणसं गाडीत बसवली.

परवा फोन आला, “यंदाही तुम्हीच बघा बरं का, साहेब येणार आहेत.” मी अजून हो म्हटलेलं नाही. सोमवारच्या बाजाराला मागच्या गल्लीनं जातो, मुख्य रस्त्यावर म्हातारबा लसूण विकायला बसतात.

दंडारीचे पूर्ण 42 हजार द्या. दौऱ्याची खरी वेळ लिहून द्या. बाकीचं माझं मी पाहीन.

आपला,
एक प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर

ता. क. : शाली 40 आणल्या होत्या. उरलेल्या 9 माझ्या घरी आहेत. माणूस पाठवून मोजून न्या, नाहीतर त्याचीही कपात व्हायची.